नाक कोणाचं, ओठ कोणाचा?



बारशाला बाळ पाळण्यात घालायच्या आधी बायकांचं एक काम ठरलेलं असतं, ते म्हणजे वाटणी. नाक आजोबांचं, कपाळ आत्याचं, हनुवटीवरची खळी मामाची. दोन्हीकडच्या बायका हिरिरीने आपापला वाटा सांगतात. पुढे हेच मूल लग्नाचं झालं की स्थळ कसं हवं, तर 'नाकीडोळी नीटस'. चेहरा म्हणजे आपल्याकडे घराण्याचा सातबारा. कोणाचं काय आलं ते त्यावर वाचायचं.

पण बाळाचा वरचा ओठ फाटलेला असला, तर वाटणीला कोणी पुढे येत नाही. अख्खा उतारा एकट्या आईच्या नावावर चढतो. हिनं ग्रहण पाळलं नसेल. हिच्या माहेरच्या रक्तात असेल. आम्ही बचत गटांच्या बैठकांसाठी मोहोळ तालुक्यातल्या गावांतून फिरतो, तेव्हा ही वाक्यं एका गावात नाही, गावोगाव ऐकतो. कुठे सून बाळंतपणानंतर माहेरीच राहिलेली असते. कुठे धाकट्या बहिणीचं स्थळ मोडलेलं असतं, कारण पाहुण्यांना भावाचा ओठ दिसला. म्हणून आज थोडा इतिहास सांगणार आहोत. फाटलेल्या ओठाचं कारण घराण्याच्या चेहऱ्यात कोणी कोणी शोधलं, कशासाठी शोधलं आणि त्यांना काय सापडलं, याचा.

आधी शब्दाचा घोळ काढू. आपण बाळाच्या डोक्यावरच्या मऊ जागेला टाळू म्हणतो आणि तोंडातल्या छतालाही टाळूच म्हणतो. इथे बोलतोय ते तोंडातल्या टाळूबद्दल. काही बाळांचा नुसता ओठ दुभंगलेला असतो, काहींचा ओठ आणि टाळू दोन्ही, तर काहींची नुसती टाळू. शेवटच्या प्रकारात बाहेरून काहीच दिसत नाही. बाळ दूध ओढत नाही आणि नाकातून दूध येतं, तेव्हा कुठे शंका येते.

ग्रहणाची समजूत आपल्या एकट्यांची नाही. मेक्सिकोत जुन्या ॲझ्टेक लोकांत असं मानत की ग्रहणात चंद्राचा लचका तुटतो, तसा पोटातल्या बाळाच्या ओठाचाही तुटतो. म्हणून तिथली गरोदर बाई काळ्या काचेसारख्या दगडाचं पातं पोटाशी बाळगायची. तिथे पातं जवळ ठेवायचं, आणि आपल्याकडे त्या वेळात विळीला हात लावायचा नाही! इंग्लंडात गरोदर बाईच्या वाटेत ससा आडवा गेला की असं होतं म्हणायचे. इंग्रजीत या ओठाला फार काळ 'सशाचा ओठ' असंच नाव होतं. देश वेगळे, पण सगळीकडे विचारायचं ते बाईलाच: तू काय पाहिलंस, काय हातात धरलंस.

आता आरशासमोर उभं राहून नाकाखाली बघा. मधोमध एक सरी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक वरंबे ओठापर्यंत उतरलेत. पोटात असताना चेहरा एकसंध वाढत नाही, वेगवेगळ्या भागांतून वाढतो. डावीउजवीकडचे भाग पुढे येतात आणि मधल्या भागाला जुळतात. ते दोन वरंबे म्हणजे त्या जुळणीच्या जागा. तुमच्याही ओठावर त्या आहेत, आमच्याही. ही जुळणी चौथ्या ते सातव्या आठवड्यात होते आणि टाळूची साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात. म्हणजे पाळी चुकली, घरात सांगावं की नको असं मनात चाललंय, तोवर ओठाचं काम उरकलेलंही असतं. जुळायचं राहिलं, तर वरंब्याच्याच जागी फट राहते, आणि उजवीपेक्षा डावीकडे जास्त वेळा. पाचव्या महिन्यातल्या ग्रहणाचा किंवा सातव्या महिन्यात चिरलेल्या भाजीचा त्याच्याशी संबंध असूच शकत नाही. शिवाय ग्रहण लागतं तेव्हा ते सगळ्या तालुक्यावर लागतं. त्या दिवशी मोहोळात गरोदर बाई एकटीच होती का?

फाटलेलं शिवायची विद्या तर जुनीच. सुश्रुतसंहितेत नाक, कानाची पाळी आणि ओठ जोडण्याच्या कृती आहेत. आपल्या मुलखातली गोष्ट पुण्याची आहे. कावसजी नावाचा एक गाडीवान इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत तो टिपू सुलतानाच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक कापलं. वर्षभराने वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात चित्रासह ही हकिगत छापून आली आणि तिकडच्या डॉक्टरांनी ती रीत उचलली. कावसजीचं नाव छापलं गेलं. कारागिराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

टाळू शिवणं जास्त अवघड. १८१९ साली पॅरिसमध्ये फिलिबेर रू नावाच्या सर्जनने जॉन स्टीफनसन या तरुणाची टाळू शिवली. हा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा मुलगा, डॉक्टरकी शिकत होता आणि जन्मापासून गेंगाणा बोलायचा. पुढच्याच वर्षी त्याने आपला प्रबंध आपल्याच टाळूच्या ऑपरेशनवर लिहिला, आणि नंतर मॉन्ट्रियलमध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांत तो पुढे होता. तेच पुढे मॅक्गिल विद्यापीठाचं वैद्यकीय कॉलेज झालं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

ओठ शिवता आला. पण मूळ प्रश्न तसाच राहिला: हे घराण्यातून येतं का? येत असेल तर घरातल्या धड ओठाच्या माणसांच्या चेहऱ्यावर त्याची काही खूण असते का? या प्रश्नाचा इतिहास काही ठिकाणी फार काळा आहे. तो आम्ही सोडून देणार नाही, कारण त्यात आपल्या पुण्याची एक बाईही आहे.

इरावतीबाई कर्वे. 'युगान्त' लिहिणाऱ्या, वारीबरोबर चालत पंढरपूरला येऊन त्यावर लिहिणाऱ्या. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, म्हणून तिथल्या नदीवरून नाव इरावती. महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला शिकायला गेल्या. ज्या संस्थेत गेल्या तिथे माणसाची मोजमापं आणि वंश यांचा अभ्यास चाले, आणि तिचे प्रमुख होते ऑइगेन फिशर. गोऱ्या लोकांचा मेंदू आणि डोकं इतरांपेक्षा श्रेष्ठ असतं, हे त्यांना मोजून दाखवायचं होतं. त्यांचा अंदाज असा की गोऱ्या माणसाची कवटी डावीउजवीकडे जास्त असमान असणार, कारण त्याचा मेंदू जास्त वाढलेला. इरावतीबाईंना नेमकं हेच काम मिळालं. युरोपातल्या आणि जर्मनांच्या ताब्यातल्या आफ्रिकेतून आणलेल्या कवट्या मोजायच्या, डावी बाजू आणि उजवी बाजू.

त्यांनी मोजल्या. असमानपणा सगळ्यांच्यात निघाला. वंशावरून फरक निघाला नाही. आणि त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या अंदाजाविरुद्ध, पंचविशीतल्या एका मराठी बाईने. त्यांच्या प्रबंधाच्या नावातच शब्द आहे 'सामान्य असमानता'. म्हणजे कोणाचाही चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो, आणि तेच सर्वसाधारण. फोटोत आपली एक भुवई वर दिसते म्हणून खट्टू होणाऱ्या मुलींना आम्ही हे आवर्जून सांगतो.

इरावतीबाई परत आल्या. तिकडे हिटलर सत्तेवर आला. जुलै १९३३ मध्ये जर्मनीत कायदा झाला की आनुवंशिक आजार किंवा गंभीर शारीरिक व्यंग असलेल्यांची सक्तीने नसबंदी करायची. पुढच्या बारा वर्षांत सुमारे चार लाख माणसांवर ती झाली. दुभंगलेल्या ओठा-टाळूची माणसंही या कायद्याच्या कचाट्यात सापडली. कोणाचा ओठ 'आनुवंशिक' आणि कोणाचा नाही, हे ठरवायला घराण्यांच्या याद्या लागत. १९३८ साली फ्रांकफुर्टमध्ये एका तरुण डॉक्टरने नेमक्या याच विषयावर प्रबंध केला. दुभंगलेल्या ओठा-टाळूच्या मुलांची घराणी धुंडाळून नातेवाइकांच्या नोंदी केल्या. त्याचं नाव योसेफ मेंगेले. १९४३ मध्ये हाच माणूस आउशवित्झच्या छळछावणीत डॉक्टर म्हणून गेला. आगगाडीतून उतरलेल्या माणसांत कोण जगणार, कोण मरणार हे ठरवणाऱ्यांत तो होता, आणि जुळ्या मुलांवर त्याने भयंकर प्रयोग केले. त्याचे मार्गदर्शक फेअरशुअर १९४२ मध्ये बर्लिनच्या त्याच संस्थेचे प्रमुख झाले, जिथे इरावतीबाई शिकल्या होत्या.

एवढं लांबचं कशाला सांगता, असं एखादी म्हणेल. पण ओठ शिवलेल्या मुलीबद्दल 'हिला पोरं होऊ द्यायची का?' हे वाक्य आम्ही आपल्याकडेही ऐकलंय. बोलणारी मावशी काही वाईट नव्हती. पण तो प्रश्न तसाच विचारणाऱ्यांच्या हाती सरकार गेल्यावर काय झालं, हे माहीत असलेलं बरं.

त्याच वर्षांत तोच प्रश्न दुसऱ्या एका सर्जनने वेगळ्या मनाने विचारला. डेन्मार्क देश, राजधानी कोपनहेगन. १९४२ साल, देश जर्मन फौजांच्या ताब्यात. पाऊल फोग-अँडरसन यांनी, ज्यांच्याकडे असं मूल आहे अशा सातशेहून जास्त घराण्यांची माहिती गोळा केली. त्यांना कळलं की हा एक आजार नाही, दोन आहेत. ओठ फाटलेला असतो, मग टाळू फाटलेली असो वा नसो, तो एक प्रकार. नुसती टाळू फाटलेली असते तो दुसरा. ज्या घराण्यात पहिला दिसतो, तिथे नात्यात पुन्हा झाला तर बहुधा पहिलाच होतो. पहिला मुलग्यांत जास्त, दुसरा मुलींत जास्त. ही विभागणी डॉक्टर आजही धरून चालतात.

मग १९७० साल आणि पुन्हा मॉन्ट्रियल, पुन्हा मॅक्गिल. क्लार्क फ्रेझर आणि त्यांच्या सहकारी पशायान यांनी अशा मुलांच्या आईबापांचे चेहरे मोजले. या आईबापांचे स्वतःचे ओठ धड होते. तरी त्यांच्या चेहऱ्यांची ठेवण सरासरीने इतरांहून थोडी वेगळी निघाली. फरक बारीक. नुसत्या नजरेने कोणाला ओळखता येणार नाही, खूप चेहरे मोजले तरच दिसेल असा. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली: मुलाच्या ओठात जे दिसतं, त्याचा थोडा थोडा वाटा आईकडेही असतो आणि बापाकडेही.

आम्ही हे बंधाऱ्यावरून समजून घेतो. बंधाऱ्यात एका ओढ्याचं पाणी येत नाही. दोन्हीकडच्या शिवारांतले चार-पाच ओघळ येऊन मिळतात, वरून पाऊस पडतो. पाणी चढत राहतं, पण सांडव्यावरून वाहू लागेपर्यंत खालच्या गावाला पत्ता नसतो. आईकडून थोडं, बापाकडून थोडं, आणि वरून गरोदरपणातल्या गोष्टी. सांडवा ओलांडला तर ओठ जुळत नाही. आईबापांच्यात पाणी असतं, पण सांडव्याच्या खाली. सांडव्यावरून वाहिलं ते पाणी नेमकं कोणत्या ओघळाचं, हे सांगता येईल का? मग 'माहेरचं रक्त' कुठल्या आधारावर म्हणायचं?

गेल्या काही वर्षांत पिट्सबर्गसारख्या ठिकाणच्या संशोधकांनी सोनोग्राफीने ओठाचा गोल स्नायू पाहिला. अशा घराण्यांतल्या काही धड ओठाच्या माणसांत कातडीखालचा हा स्नायू सलग नसतो, बारीक फट असते. काहींची पडजीभ टोकाला दुभंगलेली असते. त्यांना स्वतःला जन्मभर कळत नाही, कळायचं कारणही नसतं.

एक खूण मात्र डोळ्यांनी दिसते आणि ती माहीत असावी. खालच्या ओठावर मधोमध, टाचणीने टोचल्यासारखे दोन बारीक खळगे. कधी त्यातून थोडं पाणी येतं. अमेरिकेतल्या ॲन व्हॅन डर वूड या बाईंनी १९५४ साली अशा घराण्यांवर लिहिलं आणि या प्रकाराला त्यांचंच नाव मिळालं. २००२ मध्ये त्यामागचा जनुक सापडला. दुभंगलेल्या ओठा-टाळूच्या शंभर माणसांत साधारण दोघं या प्रकारची असतात. यात बंधाऱ्याचा हिशेब लागत नाही. आईला किंवा बापाला, ज्याला कोणाला हे असेल, त्याच्याकडून प्रत्येक मुलात ते उतरण्याची शक्यता निम्मी असते. कोणाला नुसते खळगे येतात, तर कोणाचा ओठ किंवा टाळू दुभंगते. असे खळगे कोणाच्या ओठावर असतील तर लपवू नका. दिवस राहण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ही खूण बापाच्या ओठावरही असू शकते, तेव्हा नवऱ्याचा ओठही बघून घ्या. मिशी वरच्या ओठावर असते, ती आड येणार नाही.

आता स्थळाचा हिशेब. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला हा त्रास असतो. घरात इतर कोणाला नसताना एका मुलाचा ओठ दुभंगलेला असेल, तर त्याच आईबापांच्या पुढच्या प्रत्येक बाळाला तसं होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. म्हणजे शंभरातली निदान पंचाण्णव बाळं धड ओठाची. त्या मुलाच्या बहिणीचं लग्न झालं, तर तिच्या बाळांना शंभरात एकाच्याही आत. घरात दोघातिघांना असेल तर आकडा वाढतो, खळगेवाल्या घरांचं तर वेगळंच. पण एका भावाचा ओठ बघून त्याच्या बहिणीचं स्थळ मोडणाऱ्यांना हा शंभरात एकाच्या आतला आकडा तोंडावर सांगायला हवा. आमच्या गटातल्या बाया आता सांगतात.

इथे इरावतीबाई पुन्हा आठवतात. १९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं मोठं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी लिहिलंय की महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या सीमेवरचा, आणि इथे मामाची मुलगी करायची रीत आहे. ती आपल्या सोलापूरकडे आपण घरोघर बघतो. आते-मामे भावंडांत लग्न झालं की दोन्ही शिवारांतलं पाणी बरंचसं एकाच डोंगरावरचं असतं. काही अभ्यासांत अशा लग्नांत दुभंगलेल्या ओठाचं प्रमाण थोडं जास्त दिसलंय. नात्याबाहेर लग्न केलेल्यांनाही अशी मुलं होतात, तेव्हा यावरून कोणाला टोचू नये. पण ज्या घरात आधीच असं मूल आहे, तिथे पुन्हा मामाच्याच घरी सोयरीक जुळवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वरून पडणाऱ्या पावसाबद्दल एकच गोष्ट. तंबाखूचा धूर ओठाच्या जुळणीला वाईट, हे पक्कं झालेलं आहे. मिश्री, तंबाखू, गुटखा हेही गरोदरपणात सोडायलाच डॉक्टर सांगतात. आपल्याकडे मिश्रीची डबी सासू-सुनेत फिरते. दिवस राहावेत असं मनात आलं की तेव्हाच ती बंद करावी, पाळी चुकायची वाट बघत बसू नये. कारण वर सांगितलेला आठवड्यांचा हिशेब. नवऱ्याने बिडी घराबाहेर ओढावी हे सांगायचं काम सासूबाईंचं.

ऑपरेशनसाठी गटातून कर्ज मागणारे अर्ज येतात, तेव्हा आम्ही आधी एक विचारतो: बाळाची अंगणवाडीत तपासणी झाली का? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या ज्या तीस व्यंग-आजारांचा त्यात समावेश झाला, त्यात दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. पुढचा उपचार मोफत आहे. व्याजाने पैसे काढायच्या आधी आशाताईंकडून किंवा मोहोळच्या ग्रामीण रुग्णालयातून त्याची चिठ्ठी घ्या.

ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात, टाळूचं नवव्या ते अठराव्या महिन्यात. टाळूला उशीर झाला की बोलणं गेंगाणं होऊन बसतं. वजन आणि रक्त पुरेसं नसेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात, म्हणून सगळं अडतं ते दुधावर. नुसता ओठ फाटलेला असेल तर बहुतेक बाळं अंगावर पितात. टाळू फाटलेली असेल तर त्यांना ओढता येत नाही. मग आईने दूध काढून वाटी-चमच्याने पाजायचं. बाळाला आडवं न ठेवता उभट धरायचं, थोडं थोडं द्यायचं, मधे मधे ढेकर काढायची. नाकातून थोडं दूध आलं म्हणून पाजणं थांबवायचं नाही. त्याचा कानही वरचेवर दाखवावा, या मुलांच्या कानात पाणी साठतं.

आणि ओठ धड असला तरी नव्या बाळाच्या तोंडात टॉर्च लावून टाळू शेवटपर्यंत बघायला नर्सताईंना सांगा. नुसतं बोट फिरवून मागची मऊ टाळू नीट कळत नाही.